शिळावर्तुळातल्या हाडाला काय विचारायचं?

साशंक : जुन्या हाडातल्या डीएनएवरून देशाच्या लोकवस्तीचा इतिहास लिहिता येतो, असं तू म्हणतेस. येत असेलही. पण तो लिहिल्यावर पुढे काय होईल याची मला धास्ती वाटते. इथं गुरुकुंजात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला माणसं बसतात, तेव्हा शेजारच्याचे पूर्वज कुठून आले हे कुणी विचारत नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला आश्रम उभारला तो अशाच बैठकीसाठी. सगळ्या जातींनी एका ओळीत बसायचं, हे तेव्हा वऱ्हाडात सोपं नव्हतं. आता प्रयोगशाळा सांगू लागली की या ओळीतल्या प्रत्येकाच्या अंगात वेगवेगळ्या पूर्वजांचे वाटे आहेत आणि ते टक्क्यांत मोजता येतात. टक्के आले की तुलना आली : कोण जास्त जुना, कोण नंतरचा, कुणाचा हक्क पहिला. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होता, आणि १९०१ च्या जनगणनेची सूत्रं त्याच्याच हाती होती. आपण विज्ञानच करतो आहोत, असं त्यालाही मनापासून वाटत होतं. यंत्र बदललं, पण विचारणारे तोच प्रश्न विचारताहेत, असं मला दिसतं.

उत्साही : काका, रिस्लेचं नाव घेतलंत तर इरावती कर्व्यांचंही घ्यायला हवं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्या माणसाच्या कवटीची ठेवणच निराळी, त्यामुळे त्याची बुद्धी वरचढ, अशी तिथली धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा वंशागणिक फरक आढळत नाही, हे मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध प्रबंधात लिहून दिलं. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी कैलाश मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण जातींची शारीरिक तुलना केली. ती १९६८ साली प्रसिद्ध झाली. एका नावाखाली मोडणाऱ्या या जाती शरीरानं एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या निघाल्या. एका मूळ जातीला फाटे फुटून पोटजाती होतात, या समजुतीला तो मोठा धक्का होता. म्हणजे मोजणारा प्रामाणिक असेल तर मोजणीच उतरंड मोडते.

आणि रिस्लेच्या मोजणीत एक मूळचाच दोष होता. तो जिवंत माणसं मोजत होता आणि त्यावरून हजारो वर्षांपूर्वीचं बोलत होता. प्राचीन डीएनए त्या काळच्या माणसालाच विचारतो, आणि आधीचं उत्तर चुकलं असेल तर दुरुस्तही करतो. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले लालजी सिंह व थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांनी आजच्या भारतीयांचा डीएनए पाहून मांडलं की आपण बहुतेक सगळे दोन जुन्या लोकसमूहांचं मिश्रण आहोत, एक उत्तरेकडचा आणि एक दक्षिणेकडचा. दहा वर्षांत हाडं हाती आली आणि चित्र बदललं. आता तीन धागे दिसतात. पहिला या उपखंडातल्या अतिप्राचीन शिकारी-संकलकांचा, ज्यांचं दूरचं नातं अंदमानच्या ओंगे लोकांशी आहे. दुसरा सिंधू खोऱ्यातल्या लोकांमध्ये दिसणारा, इराणच्या पठाराशी दूरचं नातं सांगणारा. तिसरा युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा, जो इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास इकडे उतरला. आपलंच आधीचं म्हणणं त्याच अभ्यासकांनी पुराव्यापुढे दुरुस्त केलं. रिस्लेनं असं कधी केलं?

साशंक : चुकलं की सुधारतात, हे मान्य. पण सुधारणा कशाच्या जोरावर झाली ते पाहू. हरियाणातल्या राखीगढीचं मी वाचलं आहे. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे नीरज राय आणि राइख यांचा तो २०१९ चा निबंध. तिथल्या दफनभूमीतले ६१ नमुने तपासले, डीएनए मिळाला एकातून. एक बाई! गंगेपासून मकरानपर्यंत पसरलेली नागरी संस्कृती, लाखो माणसं, शेकडो वर्षं, आणि त्या सगळ्यांच्या वतीनं बोलणार सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक बाई, तीही तुटक तुटक. आमच्या शाळेत एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरून तालुक्याचा निकाल लावला असता तर चाललं असतं का?

आणि वऱ्हाडात तर ती एकही मिळायची नाही. मे महिन्यात अकोला-अमरावतीला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते. वरची वस्तू खाली जाते, खालची वर येते. अशा मातीत अडीच-तीन हजार वर्षं पडलेल्या हाडात काय उरणार? शिवाय ते हाड खणून काढणाऱ्याचा घाम, धुणाऱ्याचे हात, पेटीत ठेवणाऱ्याचा श्वास. शेवटी मिळालेला डीएनए मेलेल्याचा की खणणाऱ्याचा?

उत्साही : शेवटच्या शंकेला तरी पक्कं उत्तर आहे. माणूस मेला की डीएनएचे तुकडे पडत जातात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकांवर ठरावीक रासायनिक झीज होते. जुन्या तुकड्यांवर ही झीज दिसते, कालच्या घामातल्या डीएनएवर दिसत नाही. त्यावरून जुनं आणि नवं वेगळं काढता येतं. उष्णतेचं तुमचं म्हणणं खरं आहे. उष्ण प्रदेशात डीएनए लवकर नासतो, म्हणून तर युरोपातून हजारो जनुकक्रम आले आणि आपल्याकडून फार थोडे. पण आता कुठलंही हाड घेत नाहीत. कवटीच्या तळाशी, आतल्या कानाभोवती शरीरातलं सर्वांत घट्ट हाड असतं, त्याची भुकटी घेतात. राखीगढीच्या त्या बाईच्या भुकटीवर शंभराहून जास्त वेळा प्रक्रिया केली, तेव्हा कुठे वाचण्याजोगं काही हाती आलं.

ती एकटी होती हेही पूर्ण खरं नाही. तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणातलं शहर-ए-सोख्ता या ठिकाणी अकरा माणसं अशी सापडली होती, ज्यांचा डीएनए आसपासच्या लोकांशी जुळत नव्हता. ती सिंधू प्रदेशातून तिकडे गेलेली असावीत, असा अंदाज होता. राखीगढीची बाई त्यांच्याशी जुळली आणि अंदाजाला आधार मिळाला. तिच्या अंगात गवताळ प्रदेशाचा धागा नव्हता. इराणशी नातं सांगणारा जो धागा होता, तो तिकडे शेती सुरू होण्याच्या आधीच वेगळा झालेला होता. म्हणजे सिंधूकाठची शेती इराणहून शेतकरी येऊन इथं बसले म्हणून सुरू झाली नाही. एका हाडानं एवढी एक समजूत खोडली. तालुक्याचा निकाल त्यावरून लागत नाही, मान्य. पण ‘या तालुक्यात एकही मुलगी शिकत नाही’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याला खोटं ठरवायला एक उत्तरपत्रिका पुरते.

साशंक : हे चांगलं सांगितलंस. खोडायला एक पुरतो, मांडायला पुरत नाही. पण हाच संयम जाहीर बोलताना कुठे गेला? त्याच दिवशी दोन निबंध आले. एक राखीगढीचा. दुसरा पाचशेहून अधिक प्राचीन माणसांचा, मध्य आणि दक्षिण आशियाचा, त्यात गवताळ प्रदेशातले लोक इकडे आल्याचं स्पष्ट लिहिलेलं. शिंदे आणि राय यांची नावं दोन्ही निबंधांवर. पत्रकार परिषदेत मात्र जगाला सांगितलं गेलं की आर्य बाहेरून आलेच नाहीत. दुसऱ्या बाजूचे लोक त्याच आकड्यांवरून ‘हे बघा, अमुक जाती परकीय’ म्हणत सुटले. निबंध कुणी वाचला नाही, मथळे सगळ्यांनी वाचले. इरावतीबाईंचा प्रबंध बर्लिनच्या ग्रंथालयात राहिला आणि फिशरची मतं हिटलरच्या राजवटीत कायद्यापर्यंत पोचली. प्रामाणिक मोजणी उतरंड मोडते म्हणतेस, पण ती मोडण्याआधीच पुढारी तिचा वापर करून मोकळे होतात.

उत्साही : तो दोष मी झाकणार नाही. सिंधू संस्कृतीच्या ऐन भरातल्या बाईत गवताळ धागा नाही, आणि आजच्या बहुतेक भारतीयांत तो कमी-अधिक आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर तो मधल्या काळात आला, एवढंच निघतं. ‘कुणी आलंच नाही’ हे त्यातून निघत नाही आणि ‘सैन्य घेऊन आक्रमण झालं’ हेही निघत नाही. दोन्ही बाजूंना हवं ते मिळालेलं नाही. म्हणून तर मला वाटतं की हे ज्ञान मथळ्यांच्या हाती सोडू नये, गावोगाव बोलावं.

आणि राष्ट्राचा एकच मोठा प्रश्न सोडून आपण जवळचे, नेमके प्रश्न विचारू. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी १९६८ पासून पंधराएक वर्षं तिथं खणलं. ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांचं गाव, दोनशेहून जास्त दफनं. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचं आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडायचे. गेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, किंवा परत उठून येऊ नये म्हणून. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला गावात बदल होतो. चौकोनी प्रशस्त घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. ढवळीकर म्हणाले, पाऊस कमी झाला, तेच लोक गरीब झाले. दुसरं उत्तरही शक्य आहे : जुने गेले आणि दुसरे, गुरं राखणारे लोक आले. हा प्रश्न मडक्यांवरून सुटत नाही. आजी आणि नात एकाच घराण्यातल्या आहेत का, हे हाडावरून सुटतं.

आपल्याकडचा प्रश्न त्याहून मोठा आहे. नागपूरभोवती जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथं शिळावर्तुळं आहेत, मधे दगडगोट्यांचा ढीग आणि पोटात दफन. नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातली काही खणली. लोखंडाची हत्यारं निघाली, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली, माहुरझरीला घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे साज निघाले. आपल्या अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढीला त्याच्या आधीच्या, ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. त्याच चांदूर बाजार तालुक्यात फुपगावला पुरातत्त्व सर्वेक्षणानं २०१८-१९ मध्ये लोहयुगातलं गाव उघडं केलं. आता सांगा, घोडे आणि लोखंड घेऊन कुणी नवे लोक विदर्भात आले, की तुळजापूर गढीच्या शेतकऱ्यांच्याच नातवंडांनी लोखंड गाळायची विद्या शिकून घेतली? वस्तूंची देवाणघेवाण झाली की माणसांची, हे वस्तू सांगत नाहीत.

साशंक : पण शिळावर्तुळात कोण पुरला गेला? एवढे दगड रचायला माणसं लागतात. ज्याच्यामागे माणसं आहेत, घोडा आहे, त्याच्यासाठी ते वर्तुळ. नांगर धरणारा, भट्टीत कोळसा घालणारा मेला तर त्याचं काय केलं? जाळलं, नदीत सोडलं, उघड्यावर ठेवलं, काहीच कळत नाही. पुढच्या दोन हजार वर्षांत तर बहुतेकांचं दहनच झालं. जळालेल्या हाडात डीएनए उरत नाही. म्हणजे तुझा साक्षीदार आधीच निवडलेला आहे, आणि निवड केली त्या काळच्या वरच्या लोकांनी. राजांचा इतिहास सोडून लोकांचा इतिहास लिहायला निघालात आणि पुन्हा घोडेवाल्याच्याच दारात जाऊन उभे राहिलात.

भाषेचंही तेच. वऱ्हाडाइतकं चांगलं उदाहरण देशात शोधून मिळणार नाही. आपण बोलतो ती वऱ्हाडी संस्कृत-प्राकृताच्या कुळातली. यवतमाळ-वर्ध्याकडची कोलामी आणि गोंडी द्राविडी कुळातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, तिचे भाऊबंद पार झारखंडात. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात, जेमतेम दोन-अडीच हजार माणसं, जिचं नातं जगातल्या कुठल्याही भाषेशी लागलेलं नाही. चार कुळं दोन-तीनशे किलोमीटरांत. हाडाला भाषा नसते. आज मराठी बोलणाऱ्या किती घरांच्या पणज्या कोलामी किंवा कोरकू बोलत होत्या, ते कुठलं हाड सांगेल? आपल्या जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना गुरू मानणारे चक्रधरस्वामी महानुभाव परंपरेप्रमाणे भडोचच्या प्रधानाचे पुत्र, म्हणजे गुजरातचे. त्यांनी मराठी निवडली आणि त्यांच्याभोवती मराठी गद्य उभं राहिलं. अचलपूरच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला मूळचा कानडी मुलखातल्या ब्राह्मणाचा मुलगा, असं इतिहासकार सांगतात. या दोघांना तू कुठल्या टक्क्यांत बसवशील?

उत्साही : बसवणार नाही, आणि कुणी बसवत असेल तर तो चुकतो. भाषेचं अनुमान डीएनएवरून फार जपून करावं लागतं. गवताळ प्रदेशातून माणसं येण्याचा काळ आणि आपल्या भाषाकुळाचा इकडे प्रसार होण्याचा काळ जुळतो, एवढं म्हणता येतं. निहालीपुढे तर सगळ्यांनीच हात टेकले आहेत.

घोडेवाल्याच्या आक्षेपाला मात्र माझं अर्धं उत्तर आहे. एका माणसाच्या डीएनएत त्याचे एकट्याचे आईबाप नसतात. मागच्या शेकडो पूर्वजांचे तुकडे त्याच्यात असतात, आणि त्यात घोडेवाल्याची दासी असलेली आजीही येते. वरच्या माणसानं कितीही निवड केली तरी आज्या लपत नाहीत. तरी दफन न झालेल्यांचा आवाज त्यात येत नाही, हे मला मान्य आहे.

साशंक : आज्यांचं काढलंस तर आपल्या तिवसा तालुक्यातच ये. कौंडिण्यपूर इथून जवळ. मोरेश्वर दीक्षितांनी १९६० च्या दशकात तिथं उत्खनन केलं. लोकांच्या मनात मात्र ते रुक्मिणीचं माहेर, तिची पालखी आजही पंढरपूरला जाते. आता समजा, तुझ्या पद्धतीनं त्या काळातलं एक कुटुंब सापडलं. बाप पश्चिमेकडच्या दूरच्या मुलखातला, आई विदर्भाची. तुम्ही लिहाल, पुरुष बाहेरून आले आणि त्यांनी स्थानिक बायका केल्या. आजच्या भारतीयांबद्दल तुम्ही हेच लिहिता ना? बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात गवताळ प्रदेशाचा वाटा जास्त, आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात कमी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच घोड्यावरून आलेले पुरुष आणि पळवलेल्या बायका उभ्या राहतात. पण इथली कथा सांगते की पत्र रुक्मिणीनं लिहिलं. भावानं ठरवलेला नवरा तिला नको होता. रथ आला तो तिच्या बोलावण्यावरून. तिला पळवली की तीच निघून गेली, यात आकाशपाताळाचं अंतर आहे, आणि तुझ्या हाडात दोन्हींची खूण एकच.

उत्साही : (जरा थांबून) याला माझ्याकडे उत्तर नाही. कोण कुणाबरोबर राहिलं हे कळतं, राजीखुशीनं की जबरदस्तीनं हे कळत नाही. रूपकुंडचंही असंच झालं. हिमालयातल्या त्या तळ्याकाठी शेकडो माणसांची हाडं. यात्रेला गेलेला राजा आणि त्याचा लवाजमा देवीच्या कोपानं गारांखाली मेला, अशी दंतकथा. २०१९ मध्ये ३८ जणांचा डीएनए निघाला. २३ भारतीय उपखंडातले, तेही एका वेळी मेलेले नव्हेत, इसवी सन ८०० च्या आसपास वेगवेगळ्या प्रसंगी. १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे, ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जुळणारे, अवघ्या दोनशे वर्षांपूर्वी मेलेले. आणि एक आग्नेय आशियातला. ते चौदा जण सोळा हजार फुटांवर काय करत होते, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. डीएनएनं दंतकथा अपुरी ठरवली, पण तिच्या जागी दुसरी कथा दिली नाही. हाड नेमकं बोलतं, थोडंच बोलतं.

पण त्या थोड्यातली एक गोष्ट मला आलेल्या-गेलेल्यांच्या सगळ्या वादापेक्षा मोलाची वाटते. प्रिया मूरजानी, थंगराज, लालजी सिंह, राइख वगैरेंनी २०१३ मध्ये ७३ समाजांचा अभ्यास करून मिश्रणाचा काळ काढला. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान या देशात सगळे सगळ्यांत मिसळत होते. आज ज्यांना वरचे म्हणतात ते, ज्यांना खालचे म्हणतात ते, जंगलातले, गावातले. जवळजवळ कुणीच त्यातून सुटलं नाही. आणि मग दारं बंद झाली. जातीतच लग्न. काही समाजांत तर दोन-तीन हजार वर्षं बाहेरून जवळजवळ काहीच आत आलेलं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली, पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला आणि जातीचं मर्म जातीबाहेर लग्न न करण्यात आहे, असं मांडलं. त्यांच्यापुढे ग्रंथ होते, समाजाचं निरीक्षण होतं, हाडं नव्हती. जी भिंत त्यांनी दाखवली तिचं अंदाजे वय आता सांगता येतं. ती सृष्टीच्या आरंभापासूनची नाही. तिच्याआधी आपण मिसळत होतो. महाराजांच्या ओळीत बसलेल्या माणसांना याहून जवळची बातमी कुठली असेल?

साशंक : बातमी खरंच मोठी आहे. पण तिच्यासाठी महाराजांना प्रयोगशाळेची गरज पडली नाही, हेही ध्यानात घे. समजा उद्या उलट निघालं असतं. समजा जाती पहिल्यापासूनच वेगळ्या निघाल्या असत्या. मग एका ओळीत बसू नये असं झालं असतं का? माणुसकीचा पाया डीएनएवर टेकवला की एक नवा निबंध येऊन तो हलवू शकतो. मला तो तिथं टेकवायचाच नाही.

उत्साही : मलाही नाही. पण ज्यांनी भेद डीएनएच्या, रक्ताच्या, बीजाच्या नावावर टेकवला आहे, त्यांचा आधार काढून घेण्याइतका तरी उपयोग आहे की नाही? आणि उपयोग वादापुरता नाही, तो दवाखान्यात दिसतो. २०१७ च्या एका अभ्यासात २६३ समाजांपैकी ८१ समाज असे निघाले, की ज्यांची आजची सगळी वस्ती फार थोड्या पूर्वजांपासून वाढली. अशा समाजात एखादा दुर्मीळ दोष घराघरांत पोचतो. आंध्रातल्या वैश्य समाजात काही जणांना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायचं एक नेहमीचं औषध दिलं, तर त्याचा परिणाम मिनिटांत उतरायच्या ऐवजी कितीतरी वेळ टिकतो आणि श्वास अडकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी ठाऊक असेल तर जीव वाचतो.

आपल्या विदर्भात तर सिकलसेल आहे. दलित, आदिवासी, काही इतर मागास समाजांत कितीतरी घरांत. सांधे दुखून रात्र रात्र रडणारी मुलं तुम्हीही वर्गात पाहिली असतील. भारतात दूरदूरच्या समाजांत हा बदल एकाच जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतो. म्हणजे तो ठिकठिकाणी वेगवेगळा झाला नाही. एकदा झाला, मलेरियाच्या मुलखात टिकला आणि पसरला. आज लग्नात एकमेकांकडे न जाणाऱ्या समाजांत तो एकच आहे. त्यांचं कधीतरी नातं होतं, याचा तो पुरावा आहे. केंद्रानं २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. दारं बंद राहिली तर वाहकाची गाठ वाहकाशीच पडत राहणार.

साशंक : इथं मी तुझ्याबरोबर आहे. आणि इथंच मला सर्वांत मोठी अडचण दिसते. तपासणीच्या टेबलावर माणूस येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा काय विचारतात? जात. अभ्यासाला नमुना घेताना कागदावर काय लिहितात? जात, पोटजात, गाव. निबंधातल्या आलेखावर ठिपक्याखाली नाव कुणाचं? जातीचं. जात नंतर झाली हे सिद्ध करायला तुम्ही आधी माणसांना जातीत वाटता. मग आलेख छापला जातो आणि तीच जात आता रंगीत ठिपका होऊन, शास्त्राचा शिक्का घेऊन परत येते. लोक मधलं विवेचन विसरतात, ठिपका लक्षात ठेवतात. मेळघाटातला कोरकू बोटाला सुई टोचून घेतो तो सिकलसेलसाठी. त्याच रक्तावरून त्याचे पूर्वज चार हजार वर्षांपूर्वी कुठे होते हे तुम्ही काढणार असाल, तर त्याला आधी सांगायला हवं, आणि नको म्हणायचा हक्क त्याला हवा. मेलेल्याला तर तोही हक्क नाही.

उत्साही : संमतीचं तुमचं म्हणणं मी अटीसारखं मान्य करते. निकाल आधी त्या गावात, त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, मग बाहेर छापायचा, हेही मान्य. पण जात न लिहिण्याचं मान्य करता येत नाही. ती लिहिली नाही तर भिंत दिसतच नाही, आणि दिसली नाही तर कुठल्या घराला कुठला धोका आहे हेही कळत नाही. लिहिली तर तुम्ही म्हणता तसं भिंतीला नवं बळ मिळतं. दोन्ही खरं आहे. यातून वाट काढलेला अभ्यास मी अजून पाहिलेला नाही.

प्राचीन हाडाचा म्हणून मला मोह आहे, काका. माहुरझरीच्या माणसाला जात विचारावी लागत नाही. तो आजच्या कुठल्याही नावाचा नाही. त्याच्यावर कुणाचाच हक्क नाही आणि तो कुणाचाच पूर्वज नाही असंही नाही. त्याला विचारलेला प्रश्न सर्वांत कमी दुखवणारा आहे.

साशंक : पण हाड विचारलं की संपतं. भुकटी केलेला भाग परत येत नाही. इनामगावची, माहुरझरीची हाडं पन्नास वर्षांपूर्वी निघाली. तेव्हा कुणी घाई करून ती सगळी मोजमापात खर्ची घातली असती तर आज तुझ्या हाती काय उरलं असतं? वीस वर्षांनी कदाचित हाडाला भोक न पाडता वाचता येईल. थांबायला काय हरकत आहे?

उत्साही : हरकत आहे, कारण पेटीतही डीएनए नासतच असतो, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि जमिनीतली वर्तुळंही थांबणार नाहीत. नागपूरच्या आसपास शिळावर्तुळांवर ले-आउट पडले आहेत, मुरुमाच्या खाणी लागल्या आहेत, रस्त्याला दगड गेले आहेत. वर्तुळ उकरलं गेलं की त्यातलं दफन उरत नाही, आणि ते कुणाचं होतं हा प्रश्नही उरत नाही. तुमची वीस वर्षं थांबायला जागाच शिल्लक राहणार नाही.

साशंक : मग आधी तेच करू. गावागावातल्या तरुणांनी आपल्या शिवारातलं प्रत्येक वर्तुळ नकाशावर आणावं, ग्रामसभेनं ठराव करावा, पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावं, आणि जेसीबी आला तर आडवं उभं राहावं. त्या कामाला मी आजपासून तुझ्याबरोबर आहे. हाडाला भोक पाडायला माझी अजून संमती नाही.